सीमाचा सेट

अश्विन इंगळे अकोल्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. पण तो वाढला त्या बार्शीटाकळीत लोक त्याला नाणेवाला म्हणूनच ओळखत. सरकारी टांकसाळ एखाद्या थोर माणसाच्या किंवा संस्थेच्या स्मरणार्थ चांदी मिसळलेली नाणी काढते आणि जाड फोल्डरात बसवून, प्लास्टिकमध्ये सीलबंद करून पोस्टानं घरी पाठवते. ती बाजारात फिरत नाहीत, कोणाच्या हाताला लागत नाहीत. धंद्यातले लोक त्यांना यूएनसी सेट म्हणतात. नोंदणी सुरू झाली की अश्विन असे सेट घेऊन ठेवायचा आणि दोन-चार वर्षांनी भाव चढला की अमरावतीच्या शेखरभाऊंना विकायचा. राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत शेखरभाऊंचं नाण्यांचं आणि तिकिटांचं लहानसं दुकान होतं.

हा नाद त्याला लागला तो सीमामुळे. सीमा तायडे त्याच्या वर्गातली, शेजारच्या देवमनकाकांची एकुलती एक मुलगी. ती नर्सिंग शिकून अमरावतीला एका दवाखान्यात लागली, त्याच सुमारास बाबासाहेबांच्या सव्वाशेव्या जयंतीच्या नाण्यांचा सेट निघाला. पहिल्या पगारातून आईबापाला तोच द्यायचा, हे तिनं ठरवून टाकलं होतं. फॉर्म अश्विननं भरला आणि तिच्यासोबत स्वतःसाठीही एक मागवला. स्वतःचा त्यानं दोन वर्षांत विकला. दुप्पट पैसे आले, आणि तिथून त्याचा धंदा सुरू झाला.

सीमाचा सेट मात्र तायड्यांच्या कपाटात राहिला. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडच्या वॉर्डात ड्यूटी करता करता सीमा गेली. तिला घरीही आणता आलं नाही. तेव्हापासून तिची आई मैनाकाकू दर पौर्णिमेला तो सेट कपाटातून काढायच्या, प्लास्टिकवरून पदर फिरवायच्या आणि परत ठेवायच्या. सीमाचे कपडे त्यांनी वाटून टाकले होते, भांडीकुंडी तिच्या मैत्रिणी घेऊन गेल्या होत्या. तिच्या कमाईची म्हणावी अशी हीच एक वस्तू घरात उरली होती.

मागच्या वर्षी पावसाळा सरत आला तेव्हा देवमनकाकांनी जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं. पाटबंधारे खात्यातून चौकीदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, पैसा पैसा जोडून स्लॅबचं घर बांधत होता. तोवर दोघं टिनाच्या भाड्याच्या खोलीत राहायला गेले. एका रविवारी काका दुपट्ट्यात गुंडाळलेला सेट घेऊन अकोल्याला अश्विनच्या घरी आले.

"खोलीत पाणी गयते," ते म्हणाले. "तू नाण्याची निगा जाणतं. तुयापाशी ठेव. स्लॅब पडला का घेऊन जातो."

अश्विननं तो कपाटात, आपल्या सेटांपासून वेगळा, वरच्या कप्प्यात ठेवला.

महिनाभरानं शेखरभाऊंचा फोन आला. इंदूरच्या एका मोठ्या ग्राहकाला गेल्या दहा वर्षांतले सगळे सेट एकगठ्ठा हवे होते. अश्विनकडचे चाळीस सेट त्यात जाणार होते, पण बाबासाहेबांचा सेट नव्हता आणि तो नसेल तर ग्राहक काहीच घेणार नव्हता. अश्विन आधी नाही म्हणाला. मग जेवताना, प्रयोगशाळेत बाटल्या धुताना, गाडीवर जाताना तो एकच हिशेब मांडत राहिला. टांकसाळीतून असे हजारो सेट निघाले, एक झाकावा आणि दुसरा काढावा. कोणाचा हातच न लागलेल्या नाण्यात काय फरक असणार? दिवाळीनंतर चांदी उतरली की तसाच दुसरा घेऊन वरच्या कप्प्यात ठेवता येईल.

सेट पिशवीत घालताना त्याची बायको प्रियदर्शनीनं पाहिलं.

"हा सीमाताईचा ना?" तिनं विचारलं.

महिनाभरात असाच दुसरा आणतो, असं तो म्हणाला. दिवसभर तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

पुढं जे झालं ते अश्विननं नंतर कितीतरी वेळा मनात उलटसुलट करून पाहिलं. शेखरभाऊंनी त्याला सगळे पैसे दिले, पण इंदूरचा ग्राहक लगेच आला नाही. घरात लग्न निघालं म्हणून तो दिवाळीनंतर येणार होता. तीन आठवडे सगळा माल दुकानातच पडून होता. या काळात चांदी रोज चढत होती आणि तिच्यासोबत सेटांचे भाव. अश्विननं एकदा फोन करून तो एक सेट परत मागितला. शेखरभाऊ म्हणाले, ने, ग्राहकाला मी कुठूनही दुसरा देईन, पण आजच्या भावानं ने. चार हजार वरती लागतील. चार हजार अश्विनच्या खिशात होते. पण व्हॉट्सअॅपच्या गटावर नाण्यांच्या धंद्यातले सगळे सांगत होते की ही तेजी टिकणारी नाही, दिवाळी झाली की भाव कोसळेल. चार हजार फुकट कशाला घालवायचे म्हणून तो थांबला.

दिवाळी झाली. भाव कोसळला नाही. इंदूरचा माणूस येऊन गठ्ठा घेऊन गेला.

संक्रांतीपर्यंत तो सेट कोणी विकायलाच तयार नव्हतं. ज्यांच्याकडे होता ते म्हणत, अजून चढू दे. हेच वाक्य अश्विननं आजवर शेकडो लोकांना ऐकवलं होतं. पूर्वी सकाळी भाव पाहून त्याला हुरूप यायचा. आता तो भाव न पाहताच फोन खिशात ठेवी.

त्यातच काकांचा फोन आला. स्लॅब झाला, रंग झाला, बुद्धवंदना ठेवतो आहे, सेट घेऊन ये. अश्विननं बँकेच्या लॉकरमध्ये आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा बँकेला सुटी असल्याचं सांगितलं. वंदनेला तो गेलाच नाही. तिसऱ्यांदा काका फोन न करता स्वतःच आले. त्यांनी पायरीवर चपला काढल्या आणि खुर्चीवर बसले. प्रियदर्शनीनं पाणी आणलं, त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"आता सांग," ते म्हणाले.

अश्विननं सांगितलं. मधे एकदा त्यानं दुसरा सेट आणून देईन असं म्हटलं, कितीला का मिळेना. काका खाली फरशीकडे पाहत ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. एखादा आजारी माणूस डॉक्टरचं बोलणं ऐकतो तसे ते ऐकत होते.

"कोणाले इकला?"

"अमरावतीले, शेखरभाऊले."

"चाल मंग."

अश्विननं समजावून पाहिलं की तो आता तिथं नाही. काका उठून चपला घालू लागले. अर्ध्या तासानं दोघं एसटीत होते. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. काका खिडकीशी बसून बाहेर पाहत होते. बडनेऱ्याच्या पुढं त्यांनी एकदाच तोंड उघडलं. सीमा याच रस्त्यानं शनिवारी घरी यायची, एवढंच ते म्हणाले.

शेखरभाऊ माणूस वाईट नव्हता. त्यांनी काकांना खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि समोरच इंदूरला फोन लावला. पलीकडच्या माणसानं सांगितलं की गठ्ठा त्यानं फोडून विकला. तो सेट एका प्रदर्शनात गेला, कोणी नेला ते आठवत नाही. शेखरभाऊंना वाईट वाटलं. त्यांनी आतल्या तिजोरीतून तसेच तीन सेट काढून काकांसमोर काचेवर मांडले. दिवाळीनंतर कुठून कुठून जमवलेले आणि विकायचे नाहीत म्हणून दाबून ठेवलेले.

"काका, यातला कोणताही घ्या. मी पडत्या भावात देतो. सगळे सारखेच आहेत."

देवमनकाकांनी चष्मा लावला. पहिला सेट उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला, ठेवला. दुसरा उचलला. मग तिसरा. तिन्हींवरून त्यांनी हळूच हात फिरवला. नाणी नवी कोरी चमकत होती.

"सारखेच आहेत," शेवटी ते म्हणाले. "तेच तर."

ते उठले. चहा तसाच राहिला.

अश्विन पुढच्या आठवड्यात पुन्हा अमरावतीला गेला. आपल्याजवळ उरलेले सगळे सेट त्यानं शेखरभाऊंना दिले आणि त्या बदल्यात त्या तिन्हींतला एक घेतला. आपण काय करतो आहोत हे त्याला नीट कळत नव्हतं. पण रिकाम्या हातानं बार्शीटाकळीला जाणं त्याला जमणार नव्हतं. नव्या घराच्या दारात काका उभे होते. त्याच्या हातातली पिशवी पाहून ते पायऱ्या उतरून खाली आले.

"थे आत आणू नको."

"काका, काकूले देऊन..."

"मैनाले म्या सांगतलं नाई," काका हळू आवाजात म्हणाले. "तुयाच पाशी आहे म्हनून सांगतलं. लॉकरात. इथं चोऱ्या होऊन राहिल्या, तिथंच राहू दे म्हटलं. आता तू हे देशीन, मैना थे हातात घेईन, रोज पुसन. दुसऱ्याचं काहीतरी सीमाचं म्हनून पुसन. थे मी पाहू शकत नाई."

"मी तिले खरं सांगतो."

"तुले हलकं वाटन," काका म्हणाले. "तिचं काय?"

तेवढ्यात आतून मैनाकाकूंनी कोण आहे म्हणून विचारलं. अश्विन आला, असं काकांनी सांगितलं. पिशवी गाडीच्या डिकीत टाकून तो आत गेला. नव्या रंगाचा वास घरभर होता. काकू पिठाचे हात पुसत आल्या. वंदनेला आला नाही म्हणून त्यांनी त्याला दोन शब्द सुनावले, प्रियदर्शनीची चौकशी केली, त्याच्यासाठी ज्वारीची भाकर टाकली. तो जेवायला बसला तेव्हा त्या समोर बसल्या.

"बरा आहे ना रे सेट?" त्यांनी विचारलं. "काळा तं नाई पडला?"

काका दारात पाठ करून उभे होते.

"नाई काकू. आहे तसाच आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तू होतास म्हणून बरं झालं बाबू, असं म्हणून त्यांनी त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकर वाढली. ती त्यानं कशीबशी खाल्ली.

निघताना काकूंनी दर महिन्याला येत जा म्हणून बजावलं, आणि तो जातो. काका त्याला या म्हणत नाहीत आणि जा म्हणत नाहीत; तो आला की उठून मागच्या अंगणात जातात. काकू जेवायला वाढतात आणि सेटाचं विचारतात. तो आहे म्हणतो. अलीकडे त्या म्हणायला लागल्या आहेत की गाडीवर बसवून एकदा बँकेत ने, नुसता पाहून परत ठेवू. पुढच्या महिन्यात जाऊ, असं त्यानं सांगितलं आहे.