सोडलेली पकड

"मान वर कर. आणि तोंड मीट, नाहीतर व्हॅसलीन दातांना लागेल," ताई म्हणाली.

"लागू दे. तेवढेच दात शाबूत राहतील."

ताई रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात परिचारिका होती. रजा टाकून ती भावाच्या लढतींना यायची आणि त्याचं रक्त थांबवायची. पिंजऱ्यातल्या या लढतींत ठोसे, लाथा, कुस्ती सगळंच चालतं. भावाला तिथे सगळे 'बदली' म्हणत. कुणाचा गुडघा निखळला, कुणाचं वजन उतरलं नाही, की आयोजक यालाच बोलावत. एकवीस लढती जिंकल्या होत्या, बावीस हरल्या होत्या. चाळिशीनंतर परवाना मिळत नसे, म्हणजे ही शेवटचीच. ही जिंकून हार-जितीचा हिशेब बरोबरीत सोडायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

"समोरचा चौदा वर्षांनी लहान आहे तुझ्यापेक्षा."

"म्हणजे मी लढायला लागलो तेव्हा तो पाट्या फोडत होता."

पहिल्या फेरीत समोरच्याने त्याची भुवई फोडली. दुसरी फेरीही त्यानेच जिंकली. बदलीला मात्र घाई नव्हती. तरण्यांना ठोसे मारता येतात, वाट बघता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या फेरीत लाथ मारायला समोरचा एका पायावर आला, तसा हा खाली घुसला. त्याला आडवा केला, पाठीवर चढला आणि गळ्याभोवती हात आवळला.

थोड्याच वेळात बदलीच्या दंडाला कळलं. समोरच्याची मान जड झाली होती. जागा माणूस असा जड होत नाही. रेफरी पलीकडे वाकून, अंगाखाली अडकलेला हात शरणागतीची थाप देतोय का ते शोधत होता.

"शुद्ध गेली त्याची!" बदली ओरडला. त्या गलक्यात रेफरीला काही ऐकू गेलं नाही.

बदलीने हात सोडला.

रेफरी या बाजूला येईपर्यंत समोरच्याने डोळे उघडले होते. "चालू! लढत चालू!" रेफरीने जे पाहिलंच नाही, ते झालंच नाही. उरलेलं दीड मिनिट संपलं आणि पंचांनी गुणांवर समोरच्याला विजयी ठरवलं.

"दोन सेकंद आणखी धरायचास! वळला असता की रेफरी, लढत तुझीच होती," खोलीत आल्याबरोबर ताई कडाडली.

"आणि नसता वळला तर?"

"पण तो गेलाय, ही खात्री होती तुला?"

"नाडी धरल्यावर तुला असते ना, तशी."

ताईने पेटीतून कापूस काढला. एवढ्यात जिंकलेला स्वतःच हसत आत आला. "काका, हातात आलेला गळा सोडलात! दमलात ना?"

ताई तोंड उघडणार, तोच बदलीने तिचा हात दाबला.

"दमलो रे. वय झालं."

मागोमाग डॉक्टर दारात आले. "चला, भुवईला टाके घालू."

बदली उठून त्यांच्या जवळ गेला आणि हळूच म्हणाला, "आधी त्याला बघा."

"त्याला काय झालंय? जिंकलाय तो."

"माझ्या हातात बेशुद्ध झाला होता. त्याला आठवत नाहीये. नीट तपासा."

डॉक्टरांनी एकदा याच्याकडे पाहिलं आणि त्या दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला तपासणीच्या खोलीत नेलं. बदली बाकावर बसला. ताई कापूस घेऊन पुढे झाली, तर त्याने तो आपल्याच हाताने भुवईवर दाबून धरला आणि जरा सरकून तिला बसायला जागा केली.