परतीसाठी ठेवलेली ओळ

त्या काळी ठाण्याची डायरी हाताने लिहीत. कोण किती वाजता बाहेर पडला, किती वाजता परतला, कोणाला धरले, काय जप्त केले, सगळे वेळेनिशी, एकाखाली एक. मध्ये ओळ मोकळी सोडायची नाही, असा नियम. हे काम जिच्याकडे होते तिला सगळे ठाणे डायरीबाई म्हणे, आणि डायरीबाई हा नियम रोज मोडी. बाहेर गेलेली माणसे उशिरा परतली की साहेबांची बोलणी खात. म्हणून ती प्रत्येकाच्या परतीसाठी एक ओळ कोरी ठेवी. माणूस घाम पुसत आला की सोयीची वेळ भरून टाकायची.

हवालदारदादांना हे मुळीच पसंत नव्हते. तिला काम त्यांनीच शिकवले होते, धाकट्या बहिणीला शिकवावे तसे, म्हणजे टपल्या मारून. "अक्षर बघा हिचं! आरोपीला वाटेल लग्नाची पत्रिका आली," असे चिडवत. आणि लगेच, "पण या कोऱ्या ओळी बंद कर हं. उद्या त्यात कोण काय घुसडेल, नेम आहे का?"

एका दुपारी चार वाजता दादा बाजाराकडे निघाले. "अर्ध्या तासात आलोच," म्हणाले. तिने ओळ सोडली. दादा परतले नाहीत. बाजारामागच्या बोळात कोणीतरी त्यांच्या पोटात चाकू खुपसला होता.

पाचच्या आत कुलूपवाल्याला धरून आणले. दोन चोऱ्यांत आत जाऊन आलेला, आठवड्यापूर्वीच दादांशी तावातावाने भांडलेला. झडती तिच्या टेबलासमोरच झाली. खिशातून निघाला तो किल्ल्यांचा जुडगा, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवालीने गटारात सापडलेला चाकू फडक्यात गुंडाळून आणून दिला. साहेबांनी झाडूवालीला घरी पाठवले, डायरी ओढली आणि त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवले.

"लिहा. चार पन्नास. आरोपीच्या खिशातून चाकू जप्त."

रडून रडून डायरीबाईचे डोळे सुजले होते. तिने लिहिले. दादांसाठी आपण एवढेही करू नये का, असेच तेव्हा तिला वाटले.

खटला उभा राहायला चार वर्षे लागली. तिच्या साक्षीची तारीख पडली ती नेमकी शहीद पोलिसांच्या मानवंदनेच्या दिवशी. सकाळी मैदानात बंदुका उलट्या धरून शिपाई उभे होते. नावे वाचली गेली. दादांचे नाव आले तशी तिची मान ताठ झाली. या खात्यात अशी माणसे होती, आणि आपण त्यांच्या हाताखाली शिकलो, याचा अभिमान तिला शेवटपर्यंत होता.

दादांची बायको पहिल्या रांगेत बसली होती. ती डायरीबाईला हक्काने वन्सं म्हणे.

"वन्सं, काही खाल्लंत का? तोंड बघा कसं उतरलंय."

"खाल्लं, वहिनी."

"खोटं. हे असते तर कान धरला असता तुमचा." वहिनींनी तिचा हात हातात घेतला. "आज तुमच्या तोंडून एकदाचं होऊन जाऊ दे. चार वर्षं यांचा गणवेश धुऊन इस्त्री करतेय मी, वेड्यासारखी. तो फासावर गेला की मग नाही करणार."

कोर्टाच्या पायऱ्यांवर साहेब भेटले. आता त्यांची बढती झाली होती.

"डायरीबाई, फक्त अक्षर ओळखायचं. बाकी काही विचारलं तर 'डायरीत आहे तसं' म्हणायचं. घाबरू नका, मी आहे ना."

तेच तर, असे तिच्या मनात आले.

पिंजऱ्यात कुलूपवाला उभा होता. केस पांढरे झाले होते. चाकू मारून यानेच गटारात फेकला असेल, असे तिने चार वर्षे मनाला समजावले होते. असेलही. नसेलही. ते पाहायला कोणी गेलेच नाही, कारण ओळ भरून झाली होती.

बचावाचे वकील तरुण होते, कंटाळलेले. "ही नोंद तुमच्या हातची?"

"हो."

"चार पन्नासला लिहिली?"

सरकारी वकील कागद चाळत होते. वहिनी मागच्या बाकावर पुढे वाकून बसल्या होत्या.

"नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिली. चाकू गटारात सापडला होता. याच्या खिशात नव्हता."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, काय बोलताय कळतंय ना? नोकरी जाईल. तुमच्यावरही खटला होईल."

"कळतंय, साहेब."

"कोणी लिहायला सांगितलं?"

तिने बोट दाखवले. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

जबाब वाचून दाखवला, तिने सही केली. अक्षर वेडेवाकडे आले.

बाहेर बाकावर वहिनी बसल्या होत्या. ती शेजारी बसली, तशी वहिनींनी आपली पिशवी उचलून दोघींच्या मध्ये ठेवली.

"म्हणजे त्याने नाही मारलं?"

"ते मला माहीत नाही, वहिनी."

"मग कोणी मारलं यांना?"

"कोणी शोधलंच नाही. आपल्याला वाटलं, सापडला."

वहिनींनी पदराने तोंड पुसले. आवाज काढून रडल्या असत्या तर डायरीबाईला बरे वाटले असते.

"आता शोधतील?"

"अर्ज करावा लागेल, नव्याने तपास करा म्हणून. मी आत्ता लिहून देते." तिने पेन काढले.

"नको." वहिनी उठल्या, पिशवी खांद्याला लावली. "अर्ज मी करीन. रोज येऊन बसावं लागलं तरी बसेन. पण दुसऱ्या कोणाकडून लिहून घेईन. तुमच्या हातचं नको."

आणि कुठल्या खिडकीवर अर्ज घेतात, ते विचारायला वहिनी कारकुनाकडे निघून गेल्या.