काटा पन्नासवर

पाण्याचं मीटर खोटं बोलत नाही.

बसमध्ये बायको घोरते.

डावीकडे वळायचं नाही.

ताईची टॅक्सी बाराला.

"काका, लोक येऊन विचारतात, काटा खरा कसा दाखवेल. खोटा कसा दाखवेल असं विचारणारे तुम्ही पहिलेच," जॅकवर चढवलेल्या गाडीखालून टायरवाला म्हणाला.

रीडिंगकाका ओशाळले. पाणीखात्यातली अख्खी नोकरी त्यांनी घरोघर मीटर वाचण्यात घालवली होती. 'मीटर खोटं बोलत नाही' हे त्यांनी दारोदार इतकं ऐकवलं होतं की लोक त्यांचं खरं नाव विसरले होते.

"पण दाखवेल ना?"

"दाखवेल. चाक मोठं, म्हणजे एका फेरीत गाडी जास्त पुढे जाणार. मीटर बिचारं फेऱ्याच मोजतं. काटा पन्नास म्हणेल तेव्हा गाडी असेल पंचावन्नच्या आसपास. याहून मोठा टायर बसायचा नाही. आणि हाही डावीकडे पूर्ण वळवलात तर आतून घासेल."

"वळवणारच नाही."

"मग काय, नाकासमोर चालणार?"

"आजवर तसाच चालत आलोय, बाबा."

अडचण बायकोची होती. काटा पन्नासच्या वर गेला की तिला चक्कर यायची. वेगाने नव्हे, काट्याने. ऐंशीने धावणाऱ्या बसमध्ये ती खुशाल झोपायची, कारण तिथला काटा तिला दिसत नसे. गाडीत मात्र शेजारी बसून, चष्मा लावून, उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी ती काट्याकडे बघायची.

तिची थोरली बहीण दुसऱ्या दिवशी मुलाकडे परदेशी निघाली होती. कायमची. अंधारात गाडी काढायची नाही, हा बायकोचा दुसरा नियम. उजाडल्यावर निघून पन्नासने गेलं, तर पोचेपर्यंत ताईच्या दाराला कुलूप.

"अहो, आज झाडं भराभर मागे जातायत," सकाळी रस्त्याला लागताच बायको म्हणाली.

"वारा आहे."

"वाऱ्याने झाडं मागे जातात?"

"अगं, पन्नासच आहे. बघ की."

तिने बघितलं. पन्नासच होता.

चहाला थांबताना काकांना टपरीशेजारी गाडी डावीकडे पूर्ण वळवावी लागली. खर्र्र!

"हे काय?"

"दगड असेल."

चहा पिऊन निघताना पुन्हा तेच. खर्र्र!

"दगड पाठलाग करतोय का आपला?"

ती खाली उतरली. वाकून चाक बघितलं. "गाडीला नवे बूट घेतलेत? आणि तेही मोठ्या मापाचे?"

काकांनी सगळं सांगून टाकलं. चुकीचं रीडिंग रेटून नेण्याची त्यांना सवयच नव्हती.

"म्हणजे मी पंचावन्नने आले?"

"हो."

"आणि चक्कर नाही आली?"

"नाही आली."

याचाच तिला जास्त राग आला. "मीटरवाले म्हणे! मला फसवलंत ते फसवलंत, वर माझ्या चक्करेलाही खोटं पाडलंत." ती गाडीत बसली, दार आपटलं. पर्स मांडीवर घेतली. "मग आता तरी ताई भेटेल?"

काकांनी घड्याळ बघितलं. रस्ता रुंद होता, रिकामा होता. "पंचावन्नने? नाही वाटत."

तिने चष्मा काढला. डबीत ठेवला. डबी पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली.

"मला आता काही दिसत नाही. चालवा."

काका चालवू लागले.

"किती आहे?"

"पन्नास," काका म्हणाले. काटा सत्तरवर होता.

"बरं."

ताईच्या गल्लीत शिरायला डावीकडे वळल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्या खर्र्रने अख्खी गल्ली खिडक्यांत आली. टॅक्सीत ठेवलेला एक पाय ताईने मागे घेतला.

काही वर्षांपूर्वी, दोघी बहिणींच्या आईच्या शेवटच्या वेळी, काटा पन्नासवर होता. ते दोघं पोचले तेव्हा दाराबाहेर चपला फार होत्या.