गेणूची पत्रं

सरुबाई गेली आणि अंबाजीला घर खायला उठू लागलं. रेल्वेतली रुळांचे सांधे बदलायची, सांधेवाल्याची नोकरी संपल्यावर नवरा-बायको लोणावळ्यात बाजारामागच्या खोलीत राहत होती. मूलबाळ नव्हतं. आता सकाळी भाकरी थापायची, तीच दोन्ही वेळेला खायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकत बसायचं, एवढंच उरलं.

सरुबाईच्या तेराव्याला भावकीतला दत्तोबा आला होता. फळीवरच्या पेटीकडे बोट दाखवून तो म्हणाला, मेलेल्याचं लिखाण घरात ठेवलं की घराची पीडा हटत नाही, म्हणूनच तुझा वंश खुंटला. पेटीत धाकट्या भावाची, गेणूची पत्रं होती. जर्मनच्या लढाईत गेणू पलटणीबरोबर दर्यापार बसऱ्याला गेला, तो परत आलाच नाही. पलटणीच्या पोशाखातला त्याचा एकुलता एक फोटोही पेटीत होता. दुःखात बुडालेल्याला काहीही पटतं. अंबाजीनं पत्रं चुलीत घातली, फोटो इंद्रायणीत सोडला. जमिनीचे कागद मात्र नीट घडी घालून परत पेटीत ठेवले. वाचकहो, आपल्या घरी तरी याहून वेगळं काय होतं?

पीडा काही हटली नाही. खोली अधिकच मुकी झाली.

वर्षभरानं एक तरुण बाई कडेवर लेकरू घेऊन दारात उभी राहिली. गेणूची मुलगी झुंबर. गेणूमागं त्याच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, आंदर मावळात पाट लावला होता. नव्या घरी पहिल्या नवऱ्याची पत्रं नेता येईनात, म्हणून ती दिराकडे, अंबाजीकडे ठेवून मुक्ताबाई तान्ह्या पोरीला घेऊन गेली. पुढं येणं-जाणं तुटलं. आता मुक्ताबाई वारली होती. जाताना तिनं लेकीला सांगितलं होतं, तुझ्या बापाची पत्रं चुलत्यापाशी आहेत, एकदा ऐकून ये. झुंबर डोंगर उतरून वडगावला आली आणि तिथून गाडीनं इथवर. सावत्र घरात बापाचं नावही कोणी काढलं नव्हतं. ज्यानं तोंडसुद्धा पाहिलं नाही त्याला लेकीची कसली माया, असंच ती ऐकत आली होती.

"आबा, मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "तुमी वाचून दावा. आन फोटू बी हाय म्हनं."

अंबाजीनं मान खाली घालून खरं ते सांगितलं. ती रडली नाही, चिडली नाही.

"एक बी न्हाई ठिवलं?" एवढंच तिनं विचारलं, आणि लेकरू उचलून ती निघाली.

शेजारची जैनबमावशी लेकरासाठी दूध घेऊन आली होती. तिनं झुंबरचा हात धरून तिला खाली बसवलं आणि अंबाजीकडे वळली.

"अंबाजीभाऊ, माझा लेक जहाजावर खलाशी होता. दर्यातच गेला. त्याची पत्रं मी जपून ठेवलीत. मला एक अक्षर येत नाही, पण नातवंडांना येईल. कागद मेलेल्याचा नसतो, मागं राहिलेल्याचा असतो. तुम्ही या पोरीची ठेव जाळलीत. आता डोक्यात उरलंय तेवढं तरी तिला द्या."

अंबाजीनं डोळे मिटले. ती पत्रं त्यानंच भावजयीला पुन्हा पुन्हा वाचून दाखवली होती. हळूहळू तो बोलू लागला. हितं खजुराची झाडं लय, पन सावली न्हाई. भात लावलं का? पोरगी झाल्याचं कळलं, नाव काय ठेवलं ते लगोलग कळवा. मग पुढचं पत्र: झुंबर नाव लय ग्वाड हाय, साऱ्या पलटनीला सांगितलं, चालाय लागली की कळवा.

आता झुंबरच्या डोळ्यांना धार लागली. "मंग?"

"त्याच्या खाली आनिक चार वळी व्हत्या. तुझ्यासाठीच व्हत्या." अंबाजीनं डोळे उघडले. "मला आठवत न्हाईत गं पोरी."

आपण काय जाळलं हे त्याला तेव्हा कळलं! नोकरीत शिकलेल्या वेड्यावाकड्या अक्षरात त्यानं आठवलं तेवढं सारं लिहून तिला दिलं. दुसऱ्या दिवशी तिला आणि नातीला घेऊन तो बाजारातल्या फोटोवाल्याकडे गेला. तिघांचा फोटो काढून घेतला आणि मागं तिघांची नावं लिहिली.

झुंबर सणासुदीला येऊ लागली. ती गेली की खोली पुन्हा सुनी व्हायची. कुणाच्या तेराव्याला गेला की अंबाजी आधी मयताच्या कागदांची चौकशी करी आणि हात जोडून म्हणे, जाळू नका, पोराबाळांसाठी ठेवा. काही ऐकत, काही हसत.

बांधवांनो, माणूस जातो त्याला इलाज नाही. त्याचं अक्षर आणि त्याचा चेहरा मात्र आपल्याच हातानं जातो. तेवढा तरी हात आवरा.