माझ्यावर तोललेली एकतीस बाळं

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. माझ्यावर साखर-डाळ कुणी कधी तोलली नाही. मी बाळांचा काटा. वर पत्र्याचं खोलगट तबक, पोटात स्प्रिंग, समोर घड्याळासारखा चेहरा आणि त्यावर फिरणारी लाल सुई, एवढाच माझा संसार.

कारखान्यातल्या कारागिराने माझी सुई शून्यावर आणायला अर्धा दिवस माझ्याशी झटापट केली. तिथून मी लहान मुलांच्या दवाखान्यात आलो आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. आधी मऊ कपडा, मग उघडं बाळ. त्याच्या लाथांनी सुई थरथरायची आणि ती थांबेपर्यंत आई श्वास रोखून उभी राहायची. बाळ थोडं जरी वाढलेलं दिसलं, तरी आया माझ्याकडे अशा बघायच्या, जणू ते वजन मीच दिलं. अशी दहा वर्षं गेली.

मग नवा आला. सपाट, पांढराशुभ्र, उजेडात आकडे उमटवणारा. धाकटी जाऊ घरात आली की थोरलीचं जे होतं ते माझं झालं. सिस्टर म्हणाली, "काय गुणी आहे बाई. बाळ कितीही हललं तरी चुकत नाही." माझ्याबद्दलही ती पूर्वी हेच म्हणाली होती. तिने शब्दही बदलले नाहीत. मला कपाटावर चढवलं आणि माझ्या तबकात कापसाची बंडलं रचली. नव्याचे नऊ दिवस, असं मी मनाला समजावलं. नऊ महिने झाले तरी त्याचे दिवस संपेनात.

त्या सुमारास दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरबाईंचा एक अभ्यास चालला होता. कमी वजनाच्या बाळांना दर दोन तासांनी उठवून पाजायला सांगतात. चार तासांनी पाजलं तरी ती तेवढीच वाढतात का, हे त्यांना पाहायचं होतं. प्रत्येक बाळाचं वजन आधी एकदा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं. ऐन मध्यावर नवा काटा बिघडला आणि दुरुस्तीला गेला तो पाच आठवडे परतलाच नाही.

सिस्टरने मला खाली घेतलं, फडक्याने पुसलं. "म्हाताऱ्या, चल, कामाला लाग."

पहिलं वजन नव्यावर झालेल्या एकतीस बाळांचं दुसरं वजन त्या पाच आठवड्यांत माझ्यावर झालं. बहुतेक सगळी चार तासांच्या गटातली. आकडे छान येत होते. डॉक्टरबाई खूश होत्या आणि मी त्यांच्याहून खूश होतो. मग नवा परतला आणि मी पुन्हा कापसाखाली गेलो.

वर्षभराने लेख छापून आला, चार तासांनी पाजलं तरी बाळं तेवढीच वाढतात असं सांगणारा. सगळ्यांत वर विभागाच्या मोठ्या सरांचं नाव होतं. त्यांनी एकाही बाळाला हात लावला नव्हता. मग डॉक्टरबाईंचं. सिस्टरचं कुठेच नाही. आणि आत एक वाक्य होतं, 'सर्व वजने डिजिटल काट्यावर घेण्यात आली.'

"सर्व कशी, बाई?" सिस्टर म्हणाली. "पाच आठवडे हा जुना होता की."

"अहो, इतकं बारीक कोण लिहितं?"

माझं केवढं पोट दुखलं म्हणून सांगू. एकतीस बाळं मी अंगावर घेतली आणि नाव त्याचं. लेखाचं पहिलं पान त्याच्याच डोक्यावर भिंतीला चिकटवलं. एकदा तरी माझं नाव छापून यावं, एवढंच मागणं माझ्या मनात राहिलं.

काही दिवसांनी नवा काटा दोन दिवसांसाठी वार्षिक तपासणीला गेला. पुन्हा मी. सोमवारी एका आईने तिचं बाळ माझ्यावर ठेवलं. गुरुवारी ती परत आली, तोवर नवा जागेवर होता. त्याने सत्तर ग्रॅम कमी दाखवले.

"म्हणजे मी काय उपाशी ठेवलं त्याला?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "त्या जुन्यावर ठेवा. तो खरं सांगतो."

मला कोण आनंद झाला. नव्याची आता चांगली फजिती होणार. मला खाली काढलं, बाळ ठेवलं, माझा आकडा अर्थातच जास्त आला. डॉक्टरबाईंनी औषधांच्या खोलीतून दोन किलोचं पितळी वजन आणवलं. नव्यावर ठेवलं, बरोबर दोन किलो. माझ्यावर ठेवलं. सुई दोन किलो ओलांडून नव्वद ग्रॅम पुढे जाऊन थांबली.

आई गेल्यावर डॉक्टरबाई जुन्या नोंदी घेऊन बसल्या. माझी एकतीस बाळं बाजूला काढल्यावर चार तासांचा निष्कर्ष उभाच राहीना. संध्याकाळी त्यांनी सरांना बोलावून सगळं दाखवलं आणि लेख मागे घेण्याचं पत्र पुढे ठेवलं.

"कुणी विचारलंय का?" सर म्हणाले. "पुढच्या महिन्यात तुमच्या कायम नेमणुकीची मुलाखत आहे. दगड मारून मोहोळ कशाला उठवता?"

"सर, तो लेख वाचून आत्ता कुणीतरी बाळाला झोपू देत असेल."

"मग माझं नाव काढून पाठवा."

"छापताना पहिलं होतं. आता काढून कसं चालेल?"

सरांनी खिशातलं पेन काढलं. मग त्यांनी पत्रावर सही केली.

पुढच्या अंकात चार ओळी आल्या. सिस्टरने त्या मोठ्याने वाचल्या. एकतीस बाळांची वजने एका जुन्या स्प्रिंगच्या काट्यावर घेतली होती, तो काटा नव्वद ग्रॅम जास्त दाखवत होता, सबब हा लेख लेखकांनी मागे घेतला आहे. छापून यायची माझी हौस अशी फिटली. डॉक्टरबाईंची नेमणूक त्या वर्षी हुकली. अभ्यासातल्या जवळपासच्या बाळांच्या आयांना त्यांनी एकेक करून बोलावून घेतलं. लांबच्यांना पत्रं लिहिली. ती पत्रं सगळ्यांना पोचली की नाही, मला ठाऊक नाही.

आता सिस्टर रोज सकाळी नव्या काट्यावर ते पितळी वजन ठेवते, आकडा बघते, वहीत लिहिते. मित्रांनो, त्याच्या उजळ आकड्यांचा हेवा मी कधीच सोडला. पण ही रोजची विचारपूस पाहिली की आतून जळतो. इतक्या वर्षांत एकदा जरी कुणी माझ्यावर ते वजन ठेवलं असतं, तर माझ्या हातून हे घडलं नसतं.

तुम्ही मोठे होऊन काही मोजाल, लिहाल, छापाल. ज्याच्यावर मोजलं त्याचं नाव खरंखरं लिहा. आणि छापण्याआधी त्याला एकदा तपासा, तो कितीही जुना, कितीही लाडका असो. स्प्रिंग सैल झालेली आम्हाला आतून कळत नाही. मला तर वाटत होतं, माझ्यावरची सगळी बाळं बाळसं धरताहेत.