धनंजयचे तेरा ठिपके

मित्रांनो, धाव पुरी झाली असती तर धनंजयला मिळणार होतं ते एवढंच: धावपटूंच्या एका यादीत नाव, आखातातल्या रुवैसला, कामावरच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर मान, आणि ‘पोट सुटलंय’ म्हणणाऱ्या मेव्हण्याचं तोंड कायमचं बंद. सगळा डोळा या तिसऱ्या लाभावर होता. मला ठाऊक आहे, कारण मी त्याच्या पिशवीला लटकणारा एक जुना ट्रॅकर आहे.

साबणाच्या वडीएवढा मी, रंगाने नारिंगी. दर दहा मिनिटांनी मी माझी जागा आकाशातल्या उपग्रहाला कळवतो आणि घरच्या पडद्यावर ठिपका उमटतो. मोबाइलची रेंज मेली तरी मी बोलतो. मदतीचं लाल बटणही माझ्याच अंगावर. डोंगरातल्या कितीतरी धावांचा मी साक्षीदार; पण फोटो पदकाचे निघाले, आणि मी दोन वर्षं खणात, संपलेल्या सेलांच्या संगतीत.

या जानेवारीत मात्र किनाऱ्यापासून लिव्याच्या वाळवंटापर्यंत धावायचं ठरलं आणि माझी आठवण झाली. ठिपक्यांची अखंड ओळ नसेल तर यादीत नाव नाही. सोबत पाण्याची गाडी घेऊन मुश्ताक होता. मूळचा रत्नागिरीचा, शारजात गॅरेज चालवणारा.

दुसऱ्या दिवशी दुपारी धनंजयचे खांदे सोलवटले.

“भाऊ, पिशवी आणा इकडं,” मुश्ताक म्हणाला. “मी रिकामा बसलोय आणि तुम्ही ओझं वाहताय, बरं दिसतं का?”

“अरे, ट्रॅकर आहे तिला. आत फोनपण.”

“पुढच्या थांब्यावर देतो की. यल्ला, पळा.”

धनंजय म्हणजे पट्टा न बांधता उंचावर चढणाऱ्या कामगाराला घरी पाठवणारा सेफ्टी ऑफिसर. त्याने एक बाटली हातात ठेवली आणि पिशवी देऊन टाकली. तो टेकड्यांतून गेला, मी रस्त्याने, एसीत.

शहरात, ऊद मेथ्यातल्या घरी त्याची लेक मनाली पडद्यावर लांब लांब पडणारे ठिपके बघत होती. “आई, बाबा इज इन अ कार.”

मरेन पण गाडीत बसणार नाही, असं सांगून निघालेला माणूस. त्याच्या बायकोने, दर्शनाने, लगेच मुश्ताकला फोन लावला. “भाईजान, हे कुठे आहेत?”

“मागून येतायत वहिनी. अर्ध्या तासात पोचतील, इन्शाल्ला.”

“ट्रॅकर कुणाकडे आहे?”

मुश्ताकने माझ्याकडे पाहिलं. “माझ्याकडं, वहिनी,” तो म्हणाला.

अर्धा तास गेला, धनंजय आला नाही. मदत मागायची तर जागा सांगावी लागते, आणि जागा सांगणारा मी मुश्ताकच्या मुठीत. पिशवी घेतली तिथे तो परतला. गाडी वाळूत जाईना, म्हणून पायी निघाला. वाऱ्याने निम्मी पावलं पुसली होती. चपला रुतून गेल्या, मग खड्या-काट्यांतून अनवाणी. शेवटी गाफच्या झाडाखाली धनंजय दिसला. घोटा सुजलेला, बाटली कोरडी. मुश्ताकने माझं लाल बटण दाबलं.

“भाऊ, चूक माझी.”

“तू ओझं उचललंस,” धनंजय कसाबसा म्हणाला. “पट्टा मी सोडला.”

यादीवाल्यांनाही त्याने हेच कळवलं. नाव लागलं नाही.

आता मी त्याच्या दारामागच्या खिळ्यावर असतो. मित्रांनो, माझं वजन पाव किलोसुद्धा नाही. मला अंगावर ठेवा. प्रेमाने मागणाऱ्यालाही देऊ नका.

राहिला हिशेब. धनंजयने घोटा दिला, मुश्ताकने तळव्यांची कातडी. मेव्हण्याचं काहीच गेलं नाही, तो अजून बोलतो. आणि दर्शनाने दोन तास दहा मिनिटं दिली. तेवढ्यात मी तेरा ठिपके पाठवले. तिने तेराही पाहिले, आणि त्यांतला एकही तिच्या नवऱ्याचा नाही, हे तिला माहीत होतं.