कितीही म्हणजे किती

ऑफिसात तिला सगळे ‘घाई’ म्हणत, आणि ते नाव तिनं कमावलेलं होतं. तीन दिवसांपूर्वी तिनं दवाखान्याच्या औषध काउंटरसाठी नवं फंक्शन, म्हणजे औषधं एकमेकांशी जुळतात का हे तपासणारा प्रोग्रॅमचा तुकडा, लिहिलं. जुनं फंक्शन नव्या गोळीबरोबर चालू असलेलं एकच औषध तपासायचं, आणि त्याचं नाव भरलं नाही तर अडून बसायचं. हिच्या फंक्शनला चालू औषधं कितीही चालत. एकाशी जरी वाकडं निघालं तरी लाल, नाहीतर हिरवं. साहेब खूश झाले. ही मात्र तेव्हापासून बेचैन. काहीतरी राहिलंय खास, पण काय ते सुचेना.

आज ती त्याच काउंटरपाशी वडिलांना घेऊन उभी होती. गुडघेदुखीवर नवी गोळी लिहून मिळाली होती.

“काका, रोजचं काही औषध?” औषधवाल्या बाईंनी विचारलं.

“छे! काही नाही,” अण्णा म्हणाले.

पडद्यावर हिरवं उमटलं. बाईंनी पाकीट पुढे सरकवलं.

घाईनं पाकिटावर हात ठेवला. “अण्णा, रक्त पातळ व्हायची गोळी घेता ना?”

“ते कुठलं औषध! सहा वर्षं घेतोय, चहासारखी झालीय ती.”

तिनं वाकून पडदा पाहिला. या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर रक्तस्राव व्हायचा, पण चालू औषधांचा रकाना रिकामा होता. मग नवी गोळी भांडणार तरी कुणाशी? ‘कितीही’ म्हणताना हिच्या डोक्यात नुसतं ‘जास्त’ होतं. शून्यही त्यातच येतं, हे लक्षातच आलं नाही. जुनं फंक्शन निदान अडून तरी बसायचं. हिचं शहाणं फंक्शन काही न विचारता मान डोलावत होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिनं पाकीट परत केलं, साहेबांना फोन करून तपासणी बंद करायला लावली आणि बाईंकडे वळली. “रकाना रिकामा असून हीच गोळी किती जणांना गेली?”

बाईंनी शोधलं. “चौदा.”

“नंबर द्या.”

“माझं झालं ना? मग चल की घरी,” अण्णा म्हणाले.

“बसा हो जरा!” ती खेकसली.

पहिलाच फोन एका आजींनी उचलला.

“गोळी ना? परवापासून घेतेय. गुण आलाय हो, गुडघा अगदी गप्प आहे. हिरड्यांतून तेवढं रक्त येतंय सकाळपासून, पण ते वयाचंच असेल.”

“आजी,” घाई म्हणाली, “घरात आणखी कोण आहे?”